जुळवलेल्या संगणकाला नेटवर्क सापडत नव्हते तेव्हा

सोलापुरातील आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या हिशेबासाठी मी सुटे भाग आणून एक संगणक जुळवला आणि त्यावर डेबियन १२ ही लिनक्स कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बसवायला घेतली. प्रोसेसर व रॅम यांची निवड काळजीपूर्वक केली होती. मदरबोर्डवरील नेटवर्कच्या चिपकडे मात्र, किंमत पाहण्याच्या नादात, माझे लक्षच गेले नाही. परिणामी इन्स्टॉलरला ना वायर दिसली, ना वायफाय.

केबल बदलण्यात संध्याकाळ वाया गेली. शेवटी ‘एलएसपीसीआय’ ही संगणकातील उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा चालवून चिपचे दोन ओळख क्रमांक मिळवले. त्यातला पहिला उत्पादकाचा आणि दुसरा त्या विशिष्ट चिपचा असतो. (इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे, हे पाहून त्यांच्याच ८०८६ या जुन्या प्रोसेसरची आठवण झाली.) शोध घेतल्यावर कळले की माझी चिप नवी होती, तर डेबियन १२ सोबत येणारे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) ६.१ हे २०२२ च्या डिसेंबरातले असल्याने त्यात तिचा ड्रायव्हरच (चिप चालवणारा प्रोग्राम) नव्हता. मग मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला दिले, बॅकपोर्ट्समधील (डेबियनच्या स्थिर आवृत्तीसाठी नवे प्रोग्राम ठेवलेल्या भांडारातील) नवे कर्नल व फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) बसवले आणि संगणक पुन्हा सुरू करताच दोन्ही जोडण्या दिसू लागल्या.

दुसरा संगणक जुळवताना मी लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून कार्यप्रणाली न बसवताच चालवून पाहता येते) खिशात घालूनच दुकानात गेलो आणि नेटवर्क, आवाज व स्लीप तिथेच तपासून मग पैसे दिले. दुकानदार थोडे वैतागले, हे खरे.