कोरीव पिस्तुलाला लाकडी ग्रिप करायच्या आधी

खंडेनवमीच्या पूजेत पिस्तुलावर नव्या ग्रिप, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या, दिसायला हव्या असतील तर एप्रिलमध्ये कामाला लागा. ऑगस्टमध्ये सुचलं असेल तर पुढच्या वर्षी करा, उगाच घाई नको. कोल्हापूरच्या पावसात लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं. त्या फुगलेल्या लाकडाची ग्रिप कितीही नेमकी बसवली तरी मार्चमध्ये ती आकसणार आणि धातूच्या कडेला फट दिसणार. लाकूड तंतूंच्या रेषेला आडवं आकसतं, उभं जवळजवळ नाहीच. म्हणून रेषा मुठीच्या लांबीला धरूनच काप काढायचा.

पिस्तूल रिकामं करा, मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. यावर जास्त बोलायला नको.

लायसन्स तुमच्या नावावर आहे, सुताराच्या नाही. त्यामुळे पिस्तूल त्याच्या दुकानात ठेवून यायचं नाही, ‘तासाभरात येतो’ म्हणूनसुद्धा नाही. जुन्या ग्रिप काढा, कागदावर बाह्यरेषा उतरवा, स्क्रूच्या भोकाची जागा, खाली फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या धातूच्या सांगाड्याला, खुंटी असेल तर तिची जागा, सेफ्टीचा खटका किती फिरतो ते सगळं टिपा आणि तो कागद व जुन्या ग्रिप घेऊन जा. निवडणूक जवळ आली असेल तर हेही धरून चाला की आचारसंहितेत हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, मग काम अर्धवट लटकतं. जुन्या विलायती पिस्तुलांच्या ग्रिप बहुतेक कडक रबराच्या असतात आणि वयाने ठिसूळ होतात. स्क्रू सोडवताना खालून उचकटू नका, तुटली की माप गेलं. तो स्क्रूही डबीत जपा, कारण त्याचे आटे आपल्याकडच्या मेट्रिक स्क्रूला बहुतेकदा जुळत नाहीत.

आता टेप. मास्किंग टेप, कागदी, चांगला. मागच्या वेळी कानस, पटाशी, पॉलिश पेपर, तेल सगळं मांडून ठेवलं होतं, फक्त हा नव्हता. फ्रेमवरची नक्षी झाकल्याशिवाय लाकूड त्या पिस्तुलाच्या जवळही न्यायचं नाही. ग्रिप लावून बघताना ‘एवढीशी कड घासून घेऊ’ म्हणून हात जातो, पेपर लाकडावरून घसरतो आणि वेलीच्या पानाची धारदार कड बोथट होते. दोनशेवीस नंबरच्या पेपरचा एक फटकारा पुरतो. कोरीव कामाची सगळी शान त्या कडेत असते. प्रकाश तिथे तुटतो म्हणून पान उठून दिसतं. गुजरीतला, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातला, कारागीर सोन्या-चांदीवर नक्षी काढेल, पण पोलादावरची पुसलेली रेघ पुन्हा उठवणं हे वेगळंच काम आहे.

टेप दोन थर लावा. कडेला, जिथे लाकूड आणि धातू भेटतात, तिथे टेपखाली पातळ पितळी पत्रा सरकवा. लाकूड टेपच्या पातळीपर्यंतच उतरवा. मग टेप काढल्यावर लाकूड केसभर वर राहतं, आणि तेच हवं असतं. तो शेवटचा केस ग्रिप पिस्तुलावरून काढून, हातात धरून उतरवायचा. पिस्तुलावर नाही. टेप असला तरी नाही.

आणि टेप रोज संध्याकाळी काढायचा. गोंदाखाली ओल अडकली की नक्षीच्या खाचेत तांबेरा धरतो. सोन्याची तार बसवलेली असेल तर टेप झटक्यात ओढू नका, तारेच्या दिशेने सावकाश सोडवा. काढल्यावर जुन्या मऊ ब्रशने खाचांमधला लाकडाचा भुसा झाडा. हा भुसा तेलात मिसळून लगदा होतो, खाचेत बसतो आणि पावसाळाभर ओल धरून ठेवतो. सुरू करण्याआधी नक्षीचे तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा, म्हणजे काय होतं ते माहीत राहील.

लाकूड शिसवी घ्या. टिंबर मार्केटमधलं नवं नको. पाडलेल्या वाड्याचा तुकडा, जुन्या पलंगाचा पाय मिळाला तर सोनं. त्याचं सुरुवातीचं आकसणं कधीच होऊन गेलेलं असतं. तरी घरात आणून महिनाभर ठेवा. बाभूळ आणि खैर टाळा. बाभळीची साल आणि हिरडा आपल्याकडे चपलेचं कातडं कमवायला वापरतात. तोच तुरट रस ओल मिळाली की लोखंडाला काळं करतो. दोन्ही ग्रिप एकाच तुकड्यातून, मधोमध चिरून, वही उघडावी तशा उघडलेल्या. आतल्या बाजूला पेन्सिलीने ‘डावी’, ‘उजवी’ लिहा, नाहीतर एकाच बाजूच्या दोन तयार होतात. शिसवीचा भुसा नाकाला झोंबतो, मास्क लावा.

आतली बाजू आधी सपाट करा. काचेवर पेपर चिकटवून त्यावर घासलं की खरी सपाटी येते. भोक आकार द्यायच्या आधी पाडा: प्रथम स्क्रूच्या डोक्याची रुंद खळी, मग आरपार बारीक. उलट केलंत तर रुंद ड्रिलला मध्य सापडत नाही. त्यानंतर बाहेरचा गोलवा. टेप लावलाय ना? बघा एकदा.

पॉलिशला जवसाचं तेल पुरे, पातळ हात, मधे वाळू द्या. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा. तेल पूर्ण सुकल्यावरच ग्रिप चढवा. आतल्या बाजूलाही एक हात द्या, नाहीतर ओल तिथून शिरते. स्क्रू बोटाने बसेल तेवढा, वर पाव फेरा. सेफ्टी, मॅगझिन अडत नाही ना बघा.

पूजेत हळद-कुंकू पाटावर वाहा, नक्षीवर नको. त्याच रात्री पुसून, धातूवर हत्याराच्या तेलाचं बोट फिरवून कपाटात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये अजिबात ठेवू नका.