सोयाबीनच्या गाठीतलं कल्चर ओळखायला पुण्याला पाठवताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टचं सिझन आलं की परभणी, नांदेड, लातूरकडची लेकरं सोयाबीनच्या नाहीतर तुरीच्या मुळांवरच्या गाठी फोडून रायझोबियम, म्हणजे त्या गाठीतले नत्र बांधणारे बॅक्टेरिया, काढायलेत आणि मग सगळ्यांचा एकच प्रश्न, सर ओळखायला पाठवायचंय, कुरिअर कोणतं करू. कुरिअरचं नंतर बघू, आधी स्लँट (तिरक्या अगारवर कल्चर वाढवलेली नळी) दाखवा. बॅक्टेरिया असेल तर पुण्यात एनसीएमआर हे सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय केंद्र आहे, बुरशी असेल तर आघारकर संस्थेचं एनएफसीसीआय, म्हणजे बुरशींचा राष्ट्रीय संग्रह, दोन्हीकडं चांगलं काम होतं, पण तुम्ही जे पाठवाल तेच ते ओळखणार. नळीत दोन जीव असले तर सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचताना) आलेखात एकाच जागी दोन-दोन टोकं येतात, काहीच वाचता येत नाही, आणि बापानं सोयाबीन विकून दिलेली फी वाया जाते. मला याचंच लई वाईट वाटतं.

म्हणून शुद्धतेला वेळ द्या. एकटी कॉलनी (बॅक्टेरियाचा वेगळा दिसणारा ठिपका) उचलून नव्या प्लेटवर स्ट्रीक करायची, म्हणजे रेघा ओढत पसरवायची, त्यातली एकटी परत नवीवर, असं किमान तीनदा. रायझोबियमची कॉलनी चिकट असते, त्या चिकटपणात दुसरा जीव आरामात लपून राहतो, मग नुसतं लूप (तारेचं कडं) फिरवून भागत नाही, थोडं कल्चर निर्जंतुक सलाईनमध्ये चांगलं हलवून, डायल्यूट करून मग स्ट्रीक करा. प्लेट ट्यूबलाइटसमोर तिरकी धरून कडा बघा, सगळ्या कॉलन्या एकसारख्या चकाकतात का, एखादी मध्येच कोरडी, सुरकुतलेली दिसते का. काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या वायईएमए (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगार) मीडियावर रायझोबियम सहसा पांढरट नाहीतर फिकट गुलाबी राहतं, रंग गच्च ओढून लालभडक झालेल्या कॉलनीवर संशय घ्या. सोयाबीनच्या गाठीतलं ब्रॅडीरायझोबियम (रायझोबियमचाच सावकाश वाढणारा भाऊबंद) तर सावकाश वाढतं, पाच-सात दिवस लागतात, आणि दुसऱ्याच दिवशी जाड कॉलनी आली की पोरं खुश होतात, तिथंच थांबून परत तपासायचं. ग्लुकोज पेप्टोन अगारवर पण एक रेघ ओढा, तिथं जोरात वाढलं तर बहुतेक कॉन्टॅमिनेशनच आहे. शेवटी ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघणं, सगळ्या गुलाबी दांड्या दिसल्या पाहिजेत, मध्येच जांभळं काही दिसलं की पुन्हा पहिल्यापासून.

पाठवायचं ते स्लँटवर, स्क्रू कॅपच्या नळीत, वाढ नीट दिसायला लागल्यावर लगेच. पेट्री प्लेट पाठवू नका, पाणी सुटतं, झाकण सरकतं, सगळं एकमेकात मिसळतं. कापसाचा बोळापण नको. झाकण घट्ट करून वरून पॅराफिल्म (ताणणारी मेणासारखी पट्टी) गुंडाळा. कोड नळीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात, आणि तोच कोड फॉर्मवर अगदी तसाच पाहिजे. फॉर्ममध्ये पीक, गाव, तालुका, तारीख तर लिहाच, पण मीडिया, २८ डिग्री आणि किती दिवसांत वाढतं हे विसरू नका, नाहीतर तिथं कुणी न्यूट्रिएंट अगारवर ३७ ला ठेवलं तर तुमचं ब्रॅडीरायझोबियम येणारच नाही. सोबतचा दुसरा स्लँट आपल्या फ्रीजमध्ये आणि जमलं तर २० टक्के ग्लिसरॉल स्टॉक डीप फ्रीजरमध्ये.

पॅकिंग तीन थरांचं. नळी बबल रॅपमध्ये, मग भरपूर टिश्यू घालून गळणार नाही अशा डब्यात, मग कडक खोक्यात, आणि यादी त्या डब्याच्या बाहेर पण खोक्याच्या आत, म्हणजे डबा न उघडता आत काय आहे ते कळतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत तर विचारूच नका, त्यामुळं थर्माकोलचा बॉक्स आणि जेल पॅक घ्या, पण जेल पॅक नळीला चिकटून नको, मध्ये पुठ्ठा घाला. शुक्रवारी कधीच टाकू नका, सोमवारी टाका, निघाल्यावर लॅबला फोन करा. शक्य असेल तर कुणी पुण्याला चाललंच असेल त्याच्या हातात द्या, आमच्याकडं सगळ्यात भरवशाचं तेच आहे. हे सगळं मातीतल्या, गाठीतल्या निरुपद्रवी जीवांपुरतं हं, पेशंटचे नमुने असे द्यायचे नाहीत, त्याला यूएन ३३७३ चं (रोगजंतू असू शकणाऱ्या नमुन्यांसाठीचं) पॅकिंग आणि तसं नेणारं कुरिअर लागतं.

आणखी एक, फी भरायच्या आधीच लॅबला विचारून घ्या की नुसतं १६एस (बॅक्टेरिया ओळखायला वाचतात तो जीन) करणार की पुढचंही. ब्रॅडीरायझोबियमच्या जातींचं (स्पीशीजचं) १६एस एकमेकांशी इतकं जुळतं की ९९ टक्के मॅच आली तरी जात पक्की सांगता येत नाही, त्याला रेकए, ग्लनटू असे जीन लागतात, आणि गाठ बांधण्याबद्दल काही म्हणायचं असेल तर नॉडसी. रिपोर्टसोबत क्रोमॅटोग्रामची (सिक्वेन्सिंगच्या आलेखाची) मूळ फाइलपण मागून घ्या, नुसती पीडीएफ घेऊन गप बसू नका.