बर्फावरच्या हॉकीचे चित्रीकरण: ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी

लडाखमध्ये आइस हॉकी खेळणाऱ्या मुलींवर लघुपट करू इच्छिणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी आधी जवळच्या रोलर स्केटिंग रिंकवर, वेगाने वळणाऱ्या खेळाडूंचा कॅमेऱ्याने पाठलाग करण्याचा सराव करावा. पांढऱ्या बर्फामुळे कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते आणि चेहरे काळवंडतात, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) एखादा स्टॉप, म्हणजे साधारण दुपटीपर्यंत, वाढवावे. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये थंडीने बॅटऱ्या लवकर उतरतात. त्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात. एसी लोकलमधून घामट फलाटावर उतरताना चष्मा धुरकटतो, तसेच गार कॅमेरा उबदार खोलीत नेल्यास भिंगाचे होते, म्हणून तो बाहेरच हवाबंद पिशवीत घालावा. खेळाडू अल्पवयीन असल्यास पालकांची लेखी संमती चित्रीकरणापूर्वीच घ्यावी.