लॉगिन एक, सेशन चार

नोकरीला लागून सहा महिने झाले नव्हते, तेव्हा माझ्याकडे काम आलं: रजा, पगारपत्रक आणि प्रवासखर्च ही कंपनीची तीन अ‍ॅप्लिकेशन्स एकाच लॉगिनखाली आणायची. कीक्लोक हा लॉगिन सांभाळणारा सर्व्हर बसवायचा, तिन्ही त्याला जोडायची. "दोन दिवसांत करते," मी म्हणाले. आमचे टीम लीड काही बोलले नाहीत, नुसते हसले आणि चहाला गेले.

पहिला दीड दिवस तर भलत्याच गोष्टीत गेला. लॅपटॉपवर रजेचं अ‍ॅप ८०८० पोर्टवर, पगाराचं ८०८१ वर. एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर! कीक्लोकच्या सेटिंग्ज उलट्यापालट्या करून दमले. दोष त्याचा नव्हताच. कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी, पोर्ट ओळखत नाही. लोकलहोस्ट, म्हणजे आपलाच कॉम्प्युटर, म्हटलं की तिला सगळे पोर्ट सारखेच. दोन्ही अ‍ॅप जावाची, दोघांच्या कुकीचं नाव जेसेशनआयडी, त्यामुळे एक दुसरीला पुसून टाकत होती. एकीचं नाव बदललं, काम झालं.

मग मी कागद घेऊन बसले. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करून प्रत्येक ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारं उत्तर) लिहून काढला. नवीन असाल तर ओऑथवरचे (अशा लॉगिनमागच्या पद्धतीवरचे) व्हिडिओ नंतर बघा, आधी हे करा. रजेचं अ‍ॅप आपल्याला कीक्लोककडे पाठवतं, तिथे पासवर्ड दिला की कीक्लोक स्वतःची कुकी ठेवतो आणि एक कोड देऊन परत धाडतो. तो कोड अ‍ॅपचा सर्व्हर मागच्या मागे टोकनसाठी, म्हणजे प्रवेशपत्रासाठी, वटवतो आणि आपलं वेगळं सेशन, म्हणजे हा माणूस आत आहे ही नोंद, उघडतो. पगाराचं अ‍ॅप उघडलं की हीच फेरी पुन्हा, फक्त कीक्लोकची कुकी आधीच असल्यामुळे पासवर्ड विचारला जात नाही. म्हणजे अ‍ॅप तीन, पण सेशन चार. हे चौथं माझ्या डोक्यातच नव्हतं.

ते कळलं कारखान्याच्या गेटजवळच्या सामायिक कॉम्प्युटरवर. एकाने रजा टाकली, लॉगआउट दाबलं आणि गेला. पुढच्याने पगारपत्रक उघडलं तर समोर आधीच्या माणसाचा पगार! मी फक्त रजेच्या अ‍ॅपचं सेशन मोडलं होतं, कीक्लोकचं जिवंतच होतं.

मग लॉगआउट कीक्लोकपर्यंत नेलं आणि बॅक-चॅनल लॉगआउट लावलं. यात कीक्लोक प्रत्येक अ‍ॅपच्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो की अमुक सेशन संपलं. माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरतात त्या सर्व्हरवर, मात्र कधी चाले, कधी नाही. तिथे काम वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे प्रत्येक अ‍ॅपचे दोन सर्व्हर होते आणि सेशन ज्याच्या-त्याच्या मेमरीत. निरोप एकाकडे, सेशन दुसऱ्याकडे. शेवटी सेशन रेडिसमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरना दिसणाऱ्या सामायिक साठ्यात, हलवली, शिवाय कीक्लोकचं कोणतं सेशन आपल्या कोणत्या सेशनचं, ही नोंदसुद्धा. ती मी आधी विसरले होते, म्हणून आणखी एक शुक्रवार गेला.

वेळेच्या मर्यादाही एकदा शेजारी-शेजारी लिहून बघा. कीक्लोकचं अ‍ॅक्सेस टोकन मुळात ५ मिनिटांचं असतं, सेशन वापराविना ३० मिनिटांत संपतं आणि वापरात असलं तरी १० तासांत. अ‍ॅपने स्वतःचं सेशन दिवसभराचं ठेवलं, तर कीक्लोकमधली वेळ संपलेला माणूस अ‍ॅपमध्ये आतच राहतो.

दोन दिवसांच्या कामाला पाच आठवडे लागले. अजूनही लॉगआउट तपासताना मी शेजारच्या टॅबमध्ये पगारपत्रक उघडं ठेवते आणि ते रिफ्रेश करून बघते.