घाट उतरून दापोलीला शिकायला येणाऱ्यांसाठी

कृषी महाविद्यालयाच्या यादीत नाव लागलं, आता लातूर, बीड, बुलढाण्याहून बॅगा भरून याल. छत्री, रेनकोट, प्लास्टिकच्या चपला हे सगळे सांगतीलच. (चामड्याचा पट्टा मात्र घरीच ठेवा, इथल्या पावसात त्याला बुरशी धरते.) मी मूळची लातूर जिल्ह्यातली. शिकायला आले आणि इथलीच होऊन गेले. त्यामुळे सामानाचं इतरांवर सोडते, मी माणसांचं सांगते.

होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात जिल्हावार गट पडतात. मराठवाडा एका खोलीत, विदर्भ दुसऱ्या, सांगली-कोल्हापूर तिसऱ्या, आणि जवळपासच्या गावांतली मुलं संध्याकाळच्या एसटीने घरी. यात वावगं काही नाही. परक्या गावात आपली बोली कानावर पडली की जिवाला बरं वाटतं. पण चार वर्षं त्याच खोलीत काढायची असतील तर लातूर काय वाईट होतं? शिवाय गट घट्ट झाले की ‘घाटी’ आणि ‘कोकणी’ या शिव्या होतात. तुम्हाला कुणी घाटी म्हटलं तर एकदा हसण्यावारी न्या. दुसऱ्यांदा नाव सांगा आणि नावानेच हाक मार म्हणा.

दुसरी खोड आडनावाची. नाव सांगितलं तरी ‘पूर्ण नाव?’ येतंच, आणि ते कशासाठी, हे विचारणारा आणि सांगणारा दोघेही जाणून असतात. कोकणात हा अंदाज हमखास फसतो. परकार, चौगुले, अगदी देशमुखसुद्धा इथल्या मुसलमान घरांत भेटतात. अशा मैत्रिणीला ‘तुझं मराठी किती छान गं’ म्हणू नका. ती याच मातीतली आहे, पाहुणे तुम्ही आहात. ‘कोणत्या कॅटेगरीतून?’ आणि ‘सीईटीला किती?’ हे प्रश्न एका दमात आले तर ते कुतूहल नव्हे. विचारणारा तुमच्या गावचा असला तरी तिथल्या तिथे गप्प करा. पुढे जाऊन छळ झाला तर महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे. नंबर फोनमध्ये ठेवा, स्वतःसाठी नाही तर शेजारच्या खोलीसाठी.

आता पैशाचं, कारण सगळ्यात जास्त मनं तिथेच दुखावतात. फी भरायची वेळ येते ती पावसाच्या तोंडावर. तुमच्या घरी तेव्हा पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो आणि सोयाबीन हाती यायला दसरा-दिवाळी उजाडते. हर्णैच्या मुलीच्या घरीही तेच दिवस कोरडे, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. केळशी-आंजर्ल्याकडच्या मुलाची नारळी-पोफळीची वाडी आहे म्हटल्यावर तो बागाईतदार वाटतो. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या, आणि नव्या पोफळीला सुपारी लागायला वर्षं जातात. म्हणून वाढदिवसाची वर्गणी ग्रुपवर ‘कुणाची बाकी’ अशी यादी टाकून मागू नका. ज्याची शिष्यवृत्ती अडकली आहे तो कारण सांगत नाही, पार्टीच्या दिवशी पोट दुखतंय म्हणतो.

पाण्याचंही असंच. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा यांना कसली टंचाई, असं वाटेल. एप्रिल-मेमध्ये वरच्या वस्त्यांवरच्या मुलीला विचारा. कातळावर पडलेलं पाणी थेट समुद्राला जातं आणि उन्हाळ्यात हंडे टँकरपुढे लागतात. तुम्हीही तिला २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं ते सांगा. माझी एक कोकणी मैत्रीण हे ऐकून आधी हसली, थट्टा करतेय म्हणाली. मग तिने तिच्या आईच्या विहिरीवरच्या रांगेचं सांगितलं, आणि तो जर्नल पुरं करायचा तास आमचा गप्पांतच गेला.

डब्याबद्दल एकच कडक सूचना. कुणी सुकटीची चटणी किंवा तळलेला बोंबील उघडला की नाक धरायचं नाही. माझ्या डोळ्यांदेखत एकीने नुसती ओढणी नाकाला लावली होती. जिचा डबा होता तिने काही न बोलता झाकण लावलं आणि त्यानंतर ती मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर जेवायला बसू लागली. माळकरी असाल तर खुशाल लांब बसा, ‘मी माळकरी आहे’ एवढं सांगा. इथे वारकरी घरं पुष्कळ आहेत, कुणी वाईट मानत नाही. वास सगळ्यांच्या डब्याला असतो, आपल्या काळ्या मसाल्यालाही. रमजानात खोलीतलं कुणी रोजा धरत असेल तर पहाटेच्या गजरावरून कुरकुर करू नका. परीक्षेच्या काळात तुमचे गजर तो सोसतोच.

गणपतीत कॉलेज ओस पडतं. मुंबईचे चाकरमानी गावी उतरतात, इथली मुलं घराकडे पळतात आणि तुम्ही होस्टेलवर उरता. कुणी ‘चल घरी’ म्हटलं तर आढेवेढे न घेता जा. आरतीला घरोघर फिरा, टाळ हातात दिला तर वाजवा, बेताल झाला तरी चालतो. काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटण-मासळीचा नैवेद्य असतो. आपल्याकडे महालक्ष्म्यांना पुरणपोळी आणि सोळा भाज्या, त्यामुळे डोळे मोठे होतात. होऊ देऊ नका. तो त्यांच्या घरचा रिवाज आहे, तुम्ही खात नसाल तर डाळभात मागून घ्या, यजमानीण आनंदाने वाढेल. जाताना घरातल्या म्हाताऱ्यांसाठी आपल्याकडची शेंगदाण्याची चटणी न्या, आणि परतीच्या एसटीचं आरक्षण आधीच करा, त्या दिवसांत उभं राहायलाही जागा मिळत नाही.