नाल्याच्या वरची बाटली, नाल्याच्या खालची बाटली

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक म्हणून आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर हात गप्प बसेनात, म्हणून महिन्यातून एका रविवारी मी नाशिकमध्ये गोदावरीचं पाणी तपासणीसाठी बाटल्यांत भरायला निघते. बघून बघून सोसायटीतल्या दोन मुलीही यायला लागल्या. कसं करतो ते सांगते, तुम्हालाही जमेल.

आधी जागा ठरवा आणि मग त्या बदलू नका. माझी पहिली जागा सोमेश्वरजवळ. गंगापूर धरणातून निघालेलं पाणी तिथे अजून शहरात पुरतं शिरलेलं नसतं. मग रामकुंडाच्या वर, मग वाघाडी नाला नदीला मिळतो त्याच्या खाली. शेवटची टाकळीला, नासर्डीच्या संगमापुढे. नासर्डी म्हणजे नंदिनी, गोदावरीला मिळणारी छोटी नदी. याच संगमात उभं राहून रामदास स्वामी जप करत, असं सांगतात. आता तिथे उभं राहायचं तर गमबूट लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं: नाला असेल तिथे दोन बाटल्या. एक मिळण्याच्या वरच्या अंगाला, एक खाली, पाणी नीट मिसळल्यावर. नुसतं 'नदी घाण आहे' हे सगळ्यांनाच दिसतं. त्या दोन बाटल्यांतला फरक मात्र बोट दाखवतो.

वेळ सकाळची, नऊच्या आत. दुपारी शेवाळ ऊन खाऊन पाण्यात ऑक्सिजन सोडतं आणि हिरवंगार पाणी चाचणीत उगीच तब्येतीनं ठणठणीत निघतं. धरणातून आवर्तन सुटलं असेल तर वहीत तसं लिहा. त्या दिवशी नदी पाहुण्यांसाठी आवरलेल्या घरासारखी असते.

ऑक्सिजनसाठी काचेच्या बुचाची तीनशे मिलीची बाटली घ्या. नदीच्याच पाण्यानं तीनदा विसळा. तोंड प्रवाहाकडे करून वीतभर खाली बुडवा आणि बुडबुडा न राहता भरा. पाणवेली बाजूला सारून भरा, काठाचं साचलेलं नको. मग पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून दोन मिली मँगेनीज सल्फेट आणि दोन मिली अल्कलाइन आयोडाइड सोडा, बूच लावा, उलटसुलट करा. हातमोजे हवेतच.

आता बघा. ऑक्सिजन असेल तर गुळाच्या रंगाचा साका हळूहळू खाली बसतो. नसेल तर ताकासारखा पांढराच राहतो. मागच्या उन्हाळ्यात एका नाल्याच्या वरची बाटली तपकिरी झाली, खालची पांढरीफटक. मुली काही बोलल्या नाहीत, आळीपाळीनं दोन्ही बाटल्या उजेडाला धरत राहिल्या. पुढचं आम्ल घालणं आणि आकडा काढणं लॅबमध्येच करा. नदी आंघोळीला योग्य म्हणायची तर पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन खातात त्याचं माप, 3 मिलिग्रॅमच्या वर नको, एवढं लक्षात ठेवा.

मैलापाणी मिसळलंय का ते बघायला एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) पट्टीची बाटली मिळते. ही निर्जंतुक असते, विसळायची नाही! खुणेपर्यंत भरा आणि घरी अंधारात, उबेला ठेवा. मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. शहरातल्या नदीचं पडणारच, म्हणून किती तासांत पडलं ते लिहायचं. थंडीत नाशिकचा पारा उतरला की उशीर होतो. त्याला नदी सुधारली म्हणू नका.

तक्रारीचं सांगते. एका कार्यालयात मी पाइपाचा फोटो घेऊन गेले, तर 'बाई, हा कधीचा, कुठला?' बरोबरच होतं त्यांचं, मला राग आला तरी. आता फोटोत पूल किंवा मंदिराचा कळस येईल असं उभी राहते. अर्जात तारीख, वेळ, काठ डावा की उजवा, पाण्याचा रंग, वास, फेस आणि दोन्ही बाटल्यांचे निकाल लिहिते. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही. 2027 चा सिंहस्थ म्हटलं की घाटाबद्दलचे अर्ज जरा लवकर हलतात, नासर्डीचे पडून राहतात. म्हणून नासर्डीचे मी दर महिन्याला देते, मागच्या पोचेची झेरॉक्स जोडून.

आणि काळी पडलेली बाटली बेसिनमध्ये ओतू नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून तासभर ठेवा, मग संडासात ओता.