भूकंपाचे आकडे भरताना या चुका टाळा

इमारतीचं डिझाइन करताना आयएस १८९३ (२०१६) या भूकंपाच्या कोडप्रमाणे मुंबई झोन ३ मध्ये, झोन फॅक्टर (त्या भागातल्या हादऱ्याचा आकडा) ०.१६. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पुढचे आकडे मात्र जुन्या फाइलमधून जसेच्या तसे उचलले जातात. बरीच वर्षं दुसऱ्यांची डिझाइनं तपासतोय आणि त्याच त्या चुका पाहून जीव जळतो.

सगळ्यात आधी 'आर', म्हणजे इमारत न कोसळता किती वाकू शकते त्यावरून भूकंपाचं बल कमी करणारा आकडा. हा आकडा छेदात बसतो, त्यामुळे ३ ऐवजी ५ घेतला की भूकंपाचं बल ४० टक्क्यांनी उतरतं. ३ हा साध्या कॉलम-बीमच्या फ्रेमचा आणि झोन ३ मध्ये साधी फ्रेम चालतच नाही, म्हणून सगळे ५ घेतात. पण हा ५ उधारीचा आहे. इमारत न मोडता वाकेल, असा शब्द देऊन तो घेतलेला असतो, आणि तो शब्द आयएस १३९२० (भूकंपासाठी सळया कशा बांधायच्या ते सांगणारा कोड) प्रमाणे लोखंड बांधलं तरच पाळला जातो.

मुलुंडला पार्किंग अधिक सात मजल्यांच्या एका रिडेव्हलपमेंटच्या साइटवर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या येणार होत्या. पार्किंगच्या कॉलममध्ये टॉर्च मारला, तर उभ्या सळयांना वेढणाऱ्या सगळ्या रिंगांची टोकं, म्हणजे हूक, काटकोनात. फिटर म्हणाला, "साहेब, १३५ ला वाकवलं की रिंग सळयांवर चढत नाही, वेळ जातो." डिझाइन करणारा मुलगा शेजारीच होता. "सर, आर ५ घेतलाय, सॉफ्टवेअरमध्ये सगळं पास आहे." त्याच्याच ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १३५ अंश लिहिलेलं होतं. भूकंपात कॉलमचं कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) उडालं की काटकोनातला हूक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. आणि हे पार्किंगच्या मजल्यावर, जिथे आधाराला भिंतीही नाहीत! २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच मोकळ्या पार्किंगवरच्या इमारती बसल्या. आम्ही गाड्या रद्द केल्या, रिंगा सोडवल्या, दोन दिवस गेले. तेव्हापासून पहिल्या कॉलमची पहिली रिंग मी समोर उभा राहून बांधून घेतो आणि हुकाची शेपटी टेपने मोजतो. ६५ मिलिमीटरपेक्षा कमी असली तर परत करायला लावतो.

दुसरी चूक पिरियडची, म्हणजे इमारतीला एकदा डुलून परत यायला लागणाऱ्या वेळाची. मॉडेलमध्ये भिंती नसतात, नुसता सांगाडा असतो, म्हणून सॉफ्टवेअर इमारत खूप लवचीक समजतं. २४ मीटर उंच, १६ मीटर रुंद इमारतीला ते १.६ सेकंद सांगतं. विटांच्या भिंती धरून कोडचं सूत्र लावा: ०.०९ गुणिले २४, भागिले १६ चं वर्गमूळ. उत्तर ०.५४ सेकंद. पिरियडप्रमाणे हादरा किती जाणवेल ते कोडचा स्पेक्ट्रम (आलेख) सांगतो; मध्यम जमिनीवर पहिल्या आकड्याला त्याची किंमत ०.८५ येते, दुसऱ्याला २.५. म्हणजे जवळजवळ तिप्पट फरक. २००० टन वजनाच्या इमारतीवर ८० टन बल यायला हवं, तिथे २७ टन धरून काम उरकलं जातं. कोडची किमान मर्यादा वजनाच्या १.१ टक्क्याची, त्याच्या हे वरच असतं, म्हणून तेवढं बघणाऱ्याला काही खटकत नाही. सॉफ्टवेअरच्या डायनॅमिक हिशोबातलं बेस शिअर (पायाशी येणारं एकूण आडवं बल) कोडच्या पिरियडवरून काढलेल्या बेस शिअरपर्यंत वाढवून घ्यावंच लागतं. हा गुणाकार मी आजही वहीत पेनने करतो आणि ज्याला कॅल्क्युलेटर काढायचा कंटाळा येतो, त्याची फाइल उघडतसुद्धा नाही.

जमिनीचा प्रकार अंदाजाने लिहू नका. मुंबईत एका प्लॉटवर चार मीटरवर काळा पाषाण लागतो आणि खाडीकडच्या प्लॉटवर गाळ संपता संपत नाही. बोअरचा (जमिनीत भोक पाडून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत ती चौकट रिकामी ठेवा.

इम्पॉर्टन्स फॅक्टर (इमारतीच्या महत्त्वाप्रमाणे बल वाढवणारा आकडा): शाळा, हॉस्पिटल १.५, दोनशेहून जास्त माणसं राहणारी इमारत १.२. मोठ्या टॉवरलाही १ लावलेला मी दर महिन्याला पाहतो.

घरांचा लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचं वजन) भूकंपाच्या वजनात २५ टक्केच धरायचा, गच्चीचा अजिबात नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी मात्र पूर्ण भरलेली धरा.

आणि "ही बिल्डिंग किती रिश्टरला टिकेल?" असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं, तर आकडा सांगून मोकळे होऊ नका. रिश्टर भूकंपाचं मोजमाप आहे. इमारतीला जाणवतो तो तिच्या पायाखालचा हादरा, आणि तो अंतरावर नि जमिनीवरही ठरतो.